पिकअप ठेवायचीय, पण कशासाठी?

लातूर जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं : वय ३८, निलंगा तालुक्यात घरची शेती बघतात. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, २००८ साली नवी पिकअप घेतली. सोयाबीन-तूर आडतीवर न्यायची, खतं-बियाणं आणायचं. २०१६ च्या दुष्काळात याच गाडीवर टाकी ठेवून वाडीवर पाणी नेलं. अण्णांना आता नीट दिसत नाही, म्हणून गाडी यांच्याकडं आली. गेल्या दोन वर्षांत यांना दुरुस्तीचा नाद लागलाय. मोबाईलवर बघून ऑइल, फिल्टर, बेल्ट आणि एकदा मागचे ब्रेक लायनरही घरीच बदलले. यंदा उन्हाळ्यात पेंडीची पोती भरून येताना गाडी तापून उभी राहिली. चढाला काळा धूरही मारते. मिस्तरी म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल, ७५ हजार लागतील. थोरले भाऊ, म्हणजे दादा, चाकणला कंपनीत आहेत, अडीअडचणीला शेतीत पैसे तेच घालतात. त्यांचं म्हणणं, 'पंधरा वर्षं झालेली गाडी तशीही सरकार भंगारात काढणार. विकून टाक, नवी घे, सुरुवातीचे हप्ते मी भरतो.' पत्नीची तक्रार, 'आमचा रविवार गाडीखाली जातो.' पत्रलेखक विचारतात : 'मी घरचे पैसे वाचवतोय हे कुणालाच का पटत नाही? गाडी ठेवू की विकू?'

उत्तर :

पत्रासोबत तुम्ही दोन पानांचा हिशेब पाठवलात. सामान केवढ्याला आलं, मिस्तरीनं किती घेतले असते, मजुरी किती वाचली. हिशेब नीटनेटका आहे, मांडलेल्या आकड्यांत मला काही खोट दिसली नाही. पण पत्रात मधेच एक वाक्य आलंय : 'बेल्ट बदलला, किरकिर थांबली, तेव्हा इतकं बरं वाटलं की काम नसताना वेशीपर्यंत चक्कर मारून आलो.' त्या दोन पानांपेक्षा मला हे एक वाक्य जास्त खरं वाटलं. तुम्हाला ही गाडी आवडते, तिच्यावर हात चालवायला आवडतं. ही हौस आहे आणि चांगली हौस आहे. घरात मात्र तुम्ही ती बचत म्हणून सांगताय, आणि सगळी वादावादी तिथून सुरू होते. बचत म्हटली की दादा पावत्या बघणार, पत्नी तुमच्या रविवारची किंमत धरणार, आणि एखाद्या महिन्यात इंजिनाच्या डिझेल पंपाचं काम निघालं की तुमची दोन पानं फुकट जाणार. मग तुम्ही पुन्हा नवा हिशेब मांडून बसणार. तुमचं काही चुकतंय का, असं विचारत असाल तर एवढंच चुकतंय.

दादांच्या म्हणण्यातला एक भाग आधी मोकळा करू, कारण तो गैरसमज गावोगावी आहे. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असा नियम तुमच्यासारख्या मालकाला महाराष्ट्रात नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढायला सुरुवात झाली आणि दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा घातली गेली. त्या बातम्यांतून हा समज पसरला. तुमची पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असणार, म्हणजे तिचं आयुष्य फिटनेसवर, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याच्या दाखल्यावर, ठरतं. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. त्या काळातल्या इंजिनाला पीयूसी सहा महिन्यांनी लागते. जुन्या गाडीवर पर्यावरण कर आहे, पंधरा वर्षांनंतर फिटनेसची फी चांगलीच वाढते, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यावी लागते. म्हणजे गाडी चालते, पण कागदांचा खर्च नव्या गाडीपेक्षा जास्त आहे. हा खर्च तुमच्या दोन पानांत कुठंच नव्हता. दादा इथं निम्मे बरोबर आहेत, आणि ते तुम्ही त्यांना आपणहून सांगितलंत तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

आता ७५ हजारांचं. इंजिन उतरवायला हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका. आधी बघा.

गाडी एकदा तापली आणि चढाला काळा धूर येतो, एवढ्यावरून इंजिन गेलं असं ठरत नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय. एअर फिल्टर कधी बदललाय? आपल्याकडं खळ्यावर मळणीयंत्राशेजारी उभी राहिलेली गाडी एका हंगामात एवढी धूळ आणि भुसकट ओढते की फिल्टर बाहेरून बरा दिसतो आणि आतून बुजलेला असतो. दुसरं, मागं कधी कुणी 'पंप वाढवून' दिलाय का? भरल्या गाडीनं चढाला जोर धरावा म्हणून डिझेल वाढवतात. त्यानं धूर वाढतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि इंजिनही जास्त तापतं. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येत असतील. नोझल आणि पंप तपासायचं काम डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याचं, त्याच्याकडं यंत्र असतं. तिथं पाना लावू नका. निळा धूर असता तर मी म्हटलं असतं, ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा बघा. पांढरा धूर थांबतच नसता तर पाणी आत जातंय का अशी शंका घेतली असती. तुम्ही काळाच लिहिलाय.

तापण्याचं आणखी एक कारण मला तुमच्या पत्रातच सापडलं. 'पाणी कमी झालं की बोअरचं घालतो,' असं तुम्ही सहज लिहून गेलात. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार तापले की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत धरतात. पाणी तापवायच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तसाच थर. वर्षानुवर्षं हेच पाणी घातलं असेल तर निम्म्या नळ्या बुजल्या असतील. बाहेरून रेडिएटरच्या पात्यांमध्ये सोयाबीनचं भुसकट, किडे आणि वाळलेला काळा चिखल. समोर उकिडवं बसून जाळीतून बॅटरीचा उजेड मारा. पलीकडं उजेड दिसला नाही तर हवा तरी कुठून जाईल? पाइपनं पाणी मारायचं ते पंख्याच्या बाजूनं पुढं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं पाती दुमडतात, तो जवळून मारू नका. रेडिएटर जुन्या पद्धतीचा, पितळी असेल तर रेडिएटरवाले टाकी उघडून नळ्यांत सळई घालून साफ करून देतात. पुन्हा भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. बोअरचं पाणी फक्त रस्त्यात अडलात तर, आणि तेही नंतर काढून टाकायचं.

आणखी एक विचारतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून टाकलाय का? 'आपल्या उन्हात त्याची काय गरज' म्हणून तो काढून फेकायची पद्धत आहे. मग थंडीच्या सकाळी इंजिन किती तरी वेळ तापतच नाही. थंड इंजिनात डिझेल धड जळत नाही आणि झीजही जास्त होते. नवा घाला, महागाचा भाग नाही.

एवढं झाल्यावर स्वतः तपासायचं ते असं. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करा आणि पाण्याकडं बघत राहा. बुडबुडे येतच राहिले तर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, पॅकिंगमध्ये गडबड आहे. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडून भाजलेली माणसं कुठल्याही गॅरेजवाल्याला ठाऊक असतात. मग ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथं दुधाच्या चहासारखा चिकट थर दिसला तर ऑइलात पाणी मिसळतंय. इंजिन चालू ठेवून तेच ऑइलचं झाकण सैल करा. भकाभका धूर बाहेर आला, म्हणजे मिस्तरी म्हणतात तसं इंजिन 'बॅक मारतंय', तर रिंगा किंवा सिलिंडरच्या आतल्या भिंती झिजल्यात. आणि महिनाभर ऑइलच्या पट्टीवरची पातळी लिहून ठेवा. हे चारही ठीक निघालं तर इंजिन उतरवायचं कारण उरत नाही. चारांतलं एखादं वाईट निघालं तर मिस्तरी बरोबर होता, पण त्याला विचारा की फक्त हेडचं काम करायचं की पूर्ण इंजिन बांधायचं. दोन्हींत मोठा फरक आहे. जमलं तर दुसऱ्या एखाद्या मिस्तरीलाही दाखवा. पहिल्याला राग येईल, येऊ द्या.

घरी काय करावं आणि काय करू नये, यावर तुम्ही काही विचारलं नाही, तरी मला बोललंच पाहिजे, कारण ब्रेकचं वाचून मी थांबलो. ऑइल, तिन्ही फिल्टर, बेल्ट, ग्रीसिंग, बॅटरीची टोकं, दिवे, हौद्याची डागडुजी हे सगळं घरी खुशाल करा. डिझेल फिल्टरमधलं पाणी अधूनमधून सोडत जा. ब्रेक आणि स्टिअरिंग मात्र मिस्तरीच्या हातून. तुम्ही शेजारी उभं राहून शिका, ब्रेकच्या नळीतली हवा काढताना पेडल तुम्ही मारा, पण शेवटचा पाना त्याचा असू द्या. त्या गाडीतून उद्या तुमची मुलं जाणार आहेत. जुन्या काही लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, त्यामुळं ड्रम उघडल्यावर आतली भुकटी कॉम्प्रेसरनं किंवा तोंडानं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं, साधारण दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं, लायनर कितीही नवे असोत.

आणि जॅक. तुमच्या अंगणात फरशी नाही, काळी माती आहे. जॅकचा तळ अशा मातीत हळूहळू खचतो आणि गाडी एका बाजूला कलते. खाली जाड फळी घ्या. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. गाडी उचलली की चासीखाली लाकडाचे रुंद ठोकळे द्या आणि जॅक थोडा सोडून वजन ठोकळ्यांवर येऊ द्या. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक चालत नाहीत, ते न सांगता फुटतात. हे झाल्याशिवाय खाली सरकायचं नाही, आणि घरात कुणी नसताना तर मुळीच नाही. पत्नीला रविवारचा राग आहे असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं, त्या रागात थोडी भीतीही असेल. विचारून बघा.

गंज हा मराठवाड्यातल्या पिकअपचा इंजिनापेक्षा मोठा शत्रू आहे, असं माझं मत आहे. आपल्याकडं समुद्र नाही, पण खत आहे. युरिया-डीएपीची पोती फुटतात, खत हौद्याच्या कोपऱ्यांत सांडतं, पावसाळी हवेत पाझरतं आणि पत्रा खातं. खत आणलं त्याच दिवशी हौदा झाडून धुवायचा, पाणी जायची भोकं काडीनं मोकळी करायची, फाळका उघडा ठेवून वाळू द्यायचा. खाली चासीच्या कोपऱ्यांत अडकलेला चिखल दिवाळीनंतर खरवडून काढा, तो महिनोन् महिने ओल धरून ठेवतो. चासीला जळकं ऑइल फासायची पद्धत आहे. त्यानं थोडा बचाव होतो, पण धूळ चिकटते आणि रबराचे बुश फुगून खराब होतात. त्यापेक्षा घासून रेड ऑक्साइड मारा, वरून रंग. काढलेलं ऑइल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका, डब्यात साठवून गॅरेजला द्या.

मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या वर्षी तुमच्या गाडीनं टाक्या वाहिल्या, हे वाचून मन भरून आलं. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि टाकी दोन हजारांची असेल तर गाडीनं तिच्या ताकदीबाहेरचं वजन कित्येक महिने खडीच्या रस्त्यावर ओढलं. म्हणून मागच्या पाट्यांचे (पानांच्या स्प्रिंगांचे) हँगर चासीला जिथं जोडलेत, तिथं तारेच्या ब्रशनं घासून नीट बघा. रंगाखाली केसाएवढी रेघ दिसते का? पाट्यांत एखादं पान तुटलंय का, यू-बोल्ट सैल आहेत का? माझ्या दृष्टीनं गाडी ठेवायची की नाही, हे इंजिनापेक्षा या जागेवर ठरेल. इंजिन पुन्हा बांधता येतं. चासी त्या सांध्यावर कुजली असेल तर वरून पट्टी मारून वेल्डिंग केलेली गाडी भरून रस्त्यावर काढू नये.

चासी चांगली निघाली असं धरून चालू. तुम्ही 'ठेवू की विकू' विचारताय, पण त्याआधी या गाडीकडून तुम्हाला काय काम हवंय ते ठरवावं लागेल. तुमचा माल आडतीवर जातो तो हंगामात, मधले महिने गाडी दारात असते. असं असेल तर नव्या गाडीचा हप्ता शेतीच्या कामातून निघणं अवघड. तो भरायचा तर रोज भाडं मारावं लागेल, पहाटे भाजीपाला, दुपारी सिमेंट, रात्री दुसऱ्याचं लग्नाचं सामान. तुम्हाला तो धंदा करायचा असेल तर नवी गाडी जरूर घ्या, दादांचा बेत चांगला आहे. तसं तुमच्या पत्रात कुठं दिसलं नाही. फक्त शेतीपुरतंच काम असेल तर तिसरी वाटही आहे, जिचं नाव तुमच्या घरात कुणी काढलेलं दिसत नाही : पिकअप विकून हंगामात छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, भाड्यानं लावणं. निव्वळ पैशांत कदाचित हेच सगळ्यात स्वस्त पडेल. म्हणून म्हणतो, बचतीच्या तराजूवर तुम्ही गाडी तोलायला गेलात तर हरण्याची शक्यता बरीच आहे. सुगीत पाऊस येईल म्हणून रात्री अकराला रास हलवायची असते तेव्हा दारात आपली गाडी असणं, याची किंमत भाड्याच्या दरात बसत नाही. ती किंमत किती धरायची, हे तुम्ही तिघांनी बसून ठरवायचं.

वही करा, पण वेगळी. एका बाजूला गाडी शेतीसाठी चालली तो खर्च : डिझेल, विमा, फिटनेस, पीयूसी, कर, टायर, लागलेलं सामान. समोर तेवढ्याच कामाला भाडं किती गेलं असतं. दुसऱ्या पानावर हौस : नवे सीट कव्हर, पान्यांचा सेट, रंग, आणि उगाच वेशीपर्यंत मारलेली चक्कर. या दुसऱ्या पानाला वर्षाची एक मर्यादा घाला, आणि ते पैसे तुमच्या खर्चातून जाऊ द्या, दादांच्या नाही. दादांना सांगायचं ते सरळ सांगा : 'मला ही गाडी ठेवायचीय, कारण मला ती आवडते. शेतीचा हिशेब हा, माझ्या हौशीचा हा. एवढ्यापेक्षा जास्त खर्च निघाला तर मी स्वतः विकतो.' चाकणहून पैसे पाठवणाऱ्या माणसाला पुढं काय होणार हे कळलेलं हवं असतं. आकडा आधी सांगितलात तर पावत्यांवरून होणारी भांडणं बरीचशी मिटतील.

पत्नीचं उत्तर वहीत नाही. रविवार सगळा जातो असं त्या म्हणतात, तर सकाळी अकरापर्यंत गाडी आणि नंतर हात धुवायचे, असं काही ठरवा आणि पाळा. उघडलेलं काम अकराला बंद होत नाही, हा दुरुस्तीतला जुना रोग आहे, म्हणून मोठं काम शेतीत हात रिकामे असतात त्या दिवसांत काढा. त्यांना गाडी चालवायला शिकायचंय का, हेही एकदा विचारा. ज्या गाडीनं घरातल्या एकाच माणसाला आनंद होतो, ती बाकीच्यांना अडगळ वाटणारच.

आनंदासाठी फार काही लागत नाही. केबिन झाडून ठेवा, सांडलेले दाणे राहिले तर उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. दारात उभी असली तरी आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवा, बॅटरी आणि ब्रेक दोन्ही मोकळे राहतात. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आंबिलीचं मडकं, भज्जीची भांडी, शेतातल्या कोपीसाठी (खोपीसाठी) कडबा सगळं हौद्यात घालून शेतात न्या, गाडीला त्याहून चांगलं काम नाही. माणसं मात्र हौद्यात घालू नका. मजूर नाहीत, पाहुणे नाहीत, जत्रेला जाणारी पोरं तर नाहीतच. मालवाहू गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, आणि भरपाईचा दावा अण्णांच्या नावावर येऊ शकतो, कारण आरसी अजून त्यांच्या नावावर आहे.

त्या आरसीचं तेवढं याच महिन्यात बघा. ठेवणार असाल तर अण्णांच्या संमतीनं गाडी तुमच्या नावावर करून घ्या. चासी खराब निघाली आणि विकायची वेळ आली, तर नाव बदलायच्या कागदांवर सह्या होऊन ते आरटीओत दाखल झाल्याशिवाय किल्ली देऊ नका, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. आरसीवर नाव आहे तोवर कायद्यानं मालक अण्णाच राहतात.